देवळं हलली, जंगलं तुटली. पण जपानच्या या अवलियानं एक बेट वाचवलं

१ जून १९२९. जपानच्या दक्षिण किनाऱ्यावरचं तानाबे नावाचं गाव. पाऊस पडत होता. गावासमोरच्या आखातात काशिमा नावाचं एक चिमुकलं बेट आहे. त्या बेटावर ६२ वर्षांचा एक गृहस्थ जुनापुराणा फ्रॉक कोट घालून उभा होता. हा कोट त्यानं तरुणपणी अमेरिकेत असताना घेतला होता.

तो जपानच्या सम्राटाची वाट बघत होता.

२८ वर्षांचे सम्राट हिरोहितो बेटावर उतरले. तिथलं जंगल त्यांनी बघितलं. नंतर नागातो या युद्धनौकेवर या गृहस्थानं त्यांना व्याख्यान दिलं आणि ठरलेल्या वेळेपेक्षा जरा जास्तच वेळ घेतला. जाताना स्लाईम मोल्डचे ११० नमुने भेट दिले. सम्राटाला भेट द्यायची ती सुबक लाकडी पेटीतून, असा तिथला रिवाज. या पठ्ठ्यानं ते नमुने दिले कॅरॅमलच्या गोळ्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून.

खोक्यांचा हा किस्सा जपानमध्ये फार प्रसिद्ध आहे. पण खरी गोष्ट वेगळीच आहे. त्या दिवशी सम्राटाला दाखवायला बेटावर जंगल शिल्लक होतं, ही ती गोष्ट. कारण १८ वर्षांपूर्वी तिथला झाडोरा विकला गेला होता आणि कुऱ्हाड चालायला लागली होती.

ती कुऱ्हाड थांबवणाऱ्या माणसाचं नाव मिनाकाता कुमागुसू.

नावातच झाड

कुमागुसूचा जन्म १८६७ सालचा, वाकायामा शहरातला. वडील यहेई लोखंडी सामानाचे व्यापारी. पुढे त्यांनी साके म्हणजे तांदळाच्या दारूचा कारखाना काढला आणि तो चांगला चालला. थोडक्यात, घर खाऊनपिऊन सुखी होतं.

त्या भागात एक प्रथा होती. फुजिशिरो नावाच्या देवस्थानात कापराचं एक भलंमोठं झाड आहे. लोक त्या झाडाला देव मानायचे आणि पोरांची नावं तिथून मागून घ्यायचे. कुमागुसू हे नाव तिथलंच. ‘कुमा’ म्हणजे अस्वल आणि ‘कुसू’ म्हणजे कापराचं झाड. लहानपणी पोरगं खूप आजारी पडलं, तेव्हा त्याला याच झाडाच्या पाया पडायला नेलं होतं.

आपल्याकडे वडाला दोरा बांधतात, पिंपळाला पार बांधतात, तसंच काहीसं. झाड आणि माणूस यांचं नातं या पोराला बाळकडूसारखं मिळालं.

दुसरा नाद पुस्तकांचा. चित्रांसकट १०५ खंडांचा एक जुना जपानी ज्ञानकोश होता. तो विकत घेणं परवडणारं नव्हतं. मग कुमागुसू ओळखीच्यांच्या घरी जायचा, पानं वाचून डोक्यात साठवायचा आणि घरी येऊन कागदावर उतरवायचा. पाच-एक वर्षं हा उद्योग चालला आणि सगळा कोश त्यानं हातानं उतरवून काढला.

असं पोरगं शाळेत पहिलं येत असेल असं वाटतं ना? अजिबात नाही. टोकियोत विद्यापीठाच्या पूर्वतयारीच्या वर्गात त्याला प्रवेश मिळाला. पुढे जपानी साहित्यातले दिग्गज ठरलेले नात्सुमे सोसेकी आणि मासाओका शिकी हे त्याचे वर्गबंधू. पण कुमागुसूचा वेळ ग्रंथालयात आणि रानात जायचा. तो परीक्षेत नापास झाला आणि त्यानं शिक्षण सोडलं.

१४ वर्षांची भटकंती

१८८६ च्या डिसेंबरमध्ये तो योकोहामाहून बोटीत बसला आणि अमेरिकेला गेला. मिशिगनच्या शेतकी कॉलेजात नाव घातलं. तिथं वसतिगृहात मित्रांबरोबर दारू प्यायल्याचं प्रकरण झालं. दोष स्वतःवर घेऊन यानं कॉलेज सोडलं. त्यानंतर आयुष्यात कुठल्याही कॉलेजची पायरी विद्यार्थी म्हणून चढला नाही.

मग फ्लोरिडात एका चिनी दुकानदाराकडे राहून वनस्पती गोळा केल्या, तिथून क्युबा गाठलं. तिथं त्याला दगडफुलाची एक नवी जात सापडली आणि तिचं नाव क्युबावरून ठेवलं गेलं.

१८९२ मध्ये लंडन. खिशात फारसं काही नाही, हातात पदवी नाही. पण १८९३ मध्ये ‘नेचर’ या नामांकित विज्ञानपत्रिकेत त्याचा लेख छापून आला. विषय होता पूर्वेकडच्या देशांतली नक्षत्रं. पुढे आयुष्यभरात ‘नेचर’मध्ये त्याचे पन्नासच्या आसपास लेख आणि टिपणं आली. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसून त्यानं वेगवेगळ्या भाषांतल्या पुस्तकांतले उतारे ५२ वह्यांत उतरवले. चीनच्या क्रांतीचे नेते सन यत-सेन तेव्हा लंडनमध्ये होते. दोघांची तिथंच गट्टी जमली.

पण गडी तापट. म्युझियममध्ये एकदा त्यानं एका वाचकाला मारलं. समज मिळाली, तरी पुन्हा भांडण झालं आणि त्याला म्युझियमची दारं बंद झाली. घरून येणारा पैसाही आटला. १९०० च्या ऑक्टोबरमध्ये तो कोबे बंदरात उतरला. वय ३३, पदवी नाही, नोकरी नाही. सोबत होते वह्या, पुस्तकं आणि वाळवलेल्या वनस्पती.

घरच्यांना हे फारसं रुचलं नाही. कुमागुसूंनी मग कुमानोच्या डोंगरात मुक्काम हलवला. नाची इथला प्रसिद्ध धबधबा, त्याच्या भोवतीचं दाट, दमट रान. तिथं त्यांनी जवळपास तीन वर्षं बुरशी, शेवाळ आणि स्लाईम मोल्ड गोळा करण्यात घालवली.

हे स्लाईम मोल्ड म्हणजे काय? ओल्या, कुजक्या लाकडावर कधी पिवळा, कधी पांढरा, चिकट थर दिसतो. तो थर हळूहळू सरकतो, जिवाणू खातो. आणि एक दिवस थांबून त्याला बुरशीसारखे बारीक देठ आणि बीजाणूंच्या पिशव्या फुटतात. सरकताना प्राण्यासारखा, थांबला की बुरशीसारखा. कुमागुसू या जीवाच्या प्रेमातच पडले.

पण या जीवाची एक अट असते. त्याच्या कितीतरी जातींना जुनं रान लागतं. पडलेलं लाकूड उचलून न नेलेलं, पालापाचोळा न झाडलेलं, वर सावली आणि खाली ओल असलेलं. ही अट पुढे महत्त्वाची ठरली.

१९०४ मध्ये ते तानाबेत स्थायिक झाले. १९०६ मध्ये मात्सुए यांच्याशी लग्न झालं. मात्सुए यांचे वडील गावातल्या तोकेई देवस्थानाचे पुजारी.

आणि त्याच वर्षी सरकारचा एक हुकूम निघाला.

एक गाव, एक देऊळ

हा हुकूम समजून घ्यायचा तर आधी आपली देवराई आठवा.

कोकणात, सह्याद्रीत गावच्या देवाच्या नावानं राखलेलं रान असतं. तिथली काडीसुद्धा मोडायची नाही. मोडली तर देव कोपेल. जपानमध्येही गावोगावच्या शिंतो देवस्थानांभोवती असंच रान असायचं. डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याच्या उगमाजवळ, समुद्रातल्या खडकावर, बेटांवर. कितीतरी ठिकाणी बांधलेलं देऊळ अगदीच किरकोळ आणि भोवतीचं झाड हाच देव.

मेजी काळातल्या सरकारला हा पसारा नको होता. शिंतो धर्माला राष्ट्राचा आधार बनवायचं, तर देवळं कमी हवीत, नीटनेटकी हवीत, त्यांच्या नावावर ठरावीक निधी हवा आणि पगारी पुजारी हवा. ज्या देवळाकडे हे नाही, ते जवळच्या मोठ्या देवळात विलीन करायचं. साधारण धोरण असं, की एका गावात एकच देऊळ.

कागदावर हे काटकसरीचं आणि शिस्तीचं काम वाटतं. पण देव हलवला की मागं राहिलेल्या रानाचं काय?

ते विकायचं. शेकडो वर्षांची कापराची, सायप्रसची झाडं. लाकडाला भाव चांगला. निधीच्या नावाखाली लाकूड व्यापाऱ्यांना विकलं जायला लागलं. त्यात काहींनी हातही धुऊन घेतले.

हुकूम निघाला तेव्हा देशात सुमारे दोन लाख देवस्थानं होती. काही वर्षांत त्यांतली ७० हजारांच्या आसपास नाहीशी झाली. अंमलबजावणी किती कडक करायची, हे प्रांताच्या गव्हर्नरवर सोडलेलं होतं. त्यामुळे काही प्रांतांत फारसं काही झालं नाही. मिए आणि वाकायामा या शेजारशेजारच्या दोन प्रांतांत मात्र जवळपास सगळा झाडूच फिरला. मिएमध्ये तर दहातली नऊ देवळं गेली.

वाकायामा म्हणजे कुमागुसूंचाच प्रांत.

झाड गेलं आणि माणूस पेटला

तानाबेजवळ इतोदा नावाची वाडी होती. तिथं वानरदेवाचं एक छोटं देऊळ आणि भोवती जुनी झाडं. तिथल्याच एका झाडावर कुमागुसूंना स्लाईम मोल्डची एक दुर्मीळ जात सापडली होती. तिचे नमुने त्यांनी इंग्लंडमधल्या तज्ज्ञांकडे पाठवले होते.

काही दिवसांनी ते देऊळ विलीन झालं. झाडं तोडली गेली. जगाला ज्या जागेची नुकतीच ओळख झाली होती, ती जागाच उरली नाही.

१९०९ पासून कुमागुसूंनी लेखणी उचलली. तानाबेत मोरी साईआन यांचं ‘मुरो शिंपो’ नावाचं स्थानिक वर्तमानपत्र निघायचं. त्यात त्यांनी एकामागून एक लेख लिहिले. कुठलं देऊळ गेलं, किती झाडं गेली, पैसा कुणाच्या खिशात गेला, सगळं नावानिशी. भाषा शेलकी. अधिकारी हैराण.

२१ ऑगस्ट १९१० ला प्रकरण हाताबाहेर गेलं. तानाबेच्या शाळेत एक व्याख्यानमाला चालू होती. विलीनीकरणाचा पुरस्कार करणारा प्रांताचा अधिकारी तिथं आलाय, असं कुमागुसूंना कळलं. ते भेटायला गेले. पण जाताना पिऊन गेले. आत सोडेनात म्हणून धक्काबुक्की झाली आणि त्यांनी हातातली नमुन्यांची पिशवी सभागृहात भिरकावली. झाली अटक. १८ दिवस कोठडीत काढावे लागले.

असं सांगतात की कोठडीतही त्यांना स्लाईम मोल्ड सापडलाच.

हा पराक्रम नव्हता. चळवळीला त्याचा फायदा किती झाला आणि तोटा किती, यावर वाद घालता येईल. दारू आणि संताप या दोन गोष्टींनी या माणसाचं आयुष्यभर नुकसान केलं. पण एक खरं, की कोठडीतून सुटल्यावर त्यांनी आपलं म्हणणं जास्त मुद्देसूद मांडायला घेतलं.

इकॉलॉजी, तीही १९११ मध्ये

१९११ मध्ये कुमागुसूंनी टोकियो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मात्सुमुरा जिंझो यांना उद्देशून दोन लांबलचक पत्रं लिहिली. ती गेली यानागिता कुनिओ यांच्या हाती. यानागिता तेव्हा सरकारी अधिकारी होते, पुढे ते जपानी लोकसंस्कृतीच्या अभ्यासाचे जनक मानले गेले. त्यांनी ती पत्रं पुस्तिका म्हणून छापली आणि वजनदार लोकांना वाटली. पाठोपाठ १९१२ मध्ये कुमागुसूंनी विलीनीकरणाविरुद्धचं सविस्तर निवेदन लिहिलं.

त्या काळात त्यांनी ‘इकॉलॉजी’ हा शब्द वापरला. जपानमध्ये हा शब्द तेव्हा विद्यापीठाबाहेर कुणाच्या कानावरही नव्हता. झाडं, वेली, बुरशी, किडे, पक्षी हे सगळे एकमेकांत इतके गुंतलेले असतात, की त्यातलं एक काढलं तर बाकीच्यांचं काय होईल सांगता येत नाही, हे त्यांचं म्हणणं.

पण त्यांची खरी हुशारी पुढे आहे. त्यांनी फक्त दुर्मीळ बुरशीसाठी गळा काढला नाही. कारण गावातल्या माणसाला बुरशीशी काय देणंघेणं? त्यांनी रानातून माणसाला काय मिळतं, ते मोजून दाखवलं.

रान गेलं की पक्षी जातात. पक्षी गेले की पिकावर कीड वाढते. मग शेतकऱ्यानं कीड मारायला पैसे खर्च करायचे. देवळासाठी वाचवलेला पैसा असा दुसऱ्या दारानं जातो.

कोळ्यांचा देव एबिसू. त्याचं देऊळ किनाऱ्यावर असतं, कारण रोज पहाटे होडी ढकलताना त्याला हात जोडायचे असतात. ते देऊळ कोस-दोन कोस आत, डोंगरापलीकडच्या गावात नेऊन ठेवलं, तर कोळ्यानं मासे पकडायचे की देवदर्शनाला पायपीट करायची?

गावची जत्रा देवळापाशी भरते. चार पैशांची उलाढाल होते, भांडलेले लोक एकत्र येतात. देऊळ गेलं की जत्रा गेली, जत्रा गेली की गावचा बाजारही मंदावला. म्हातारी माणसं लांबच्या देवळात जाऊ शकत नाहीत. पोरांना गावची गोष्ट सांगायला जागाच उरत नाही.

म्हणजे कुमागुसूंचा मुद्दा असा होता, की रान राखणारी माणसं त्या रानाशी बांधलेली असतात. कुणी भक्तीनं, कुणी भीतीनं, कुणी पोटासाठी. हे बंध तोडा आणि मग कितीही शिपाई नेमा, रान टिकणार नाही.

आज जगभर लोकसहभागातून संवर्धन हा शब्द फिरतो. हा माणूस तेच सांगत होता, फरक इतकाच की तेव्हा त्या कल्पनेला नाव नव्हतं.

बेटाची गोष्ट

आता काशिमाकडे येऊ.

हे बेट म्हणजे खरं तर अगदी जवळजवळ असलेले जमिनीचे दोन तुकडे, मिळून तीन हेक्टरच्या आसपास. म्हणजे साडेसात एकर. आपल्याकडे एखाद्या बऱ्या शेतकऱ्याची जमीन असते तेवढं. पण आखातातल्या कोळ्यांसाठी ते देवाचं बेट. तिथं कुणी कुऱ्हाड चालवत नसे. त्यामुळे उष्ण, दमट किनाऱ्यावरचं मूळचं रान तिथं जसंच्या तसं राहिलं होतं.

त्या रानात एक महाकाय वेल आहे. तिच्या बियांची जपमाळ करतात. ही वेल आपल्या आपटा-कांचनाच्या कुळातली. दसऱ्याला आपण सोनं म्हणून वाटतो तसंच, मधोमध चिरलेलं जोडपान तिला असतं.

काशिमाचा देवही विलीनीकरणात किनाऱ्यावरच्या देवळात हलवला गेला. बेट शिनजो नावाच्या गावाच्या हद्दीत. देव गेला म्हणजे बेट नुसती जमीन झाली. १९११ मध्ये गावानं तिथला झाडोरा विकला आणि तोड सुरू झाली.

कुमागुसूंना कळलं आणि ते गावप्रमुखाच्या मागे लागले. इथं त्यांनी आरडाओरडा करण्यापेक्षा गावाचं हित काय ते पटवून दिलं. बेटावरची झाडं गेली तर मासेही जातील, हा तो मुद्दा.

कोळ्यांना हे नवं नव्हतंच. किनाऱ्यावर दाट झाडी असेल तिथं मासे येतात, हे जपानी कोळ्यांना शेकडो वर्षांपासून ठाऊक होतं. कारणं सरळ आहेत. झाडांची सावली पाण्यावर पडते आणि मासा सावलीला थांबतो. झाडांवरचे किडे पाण्यात पडतात, ते त्याचं खाणं. कुजलेल्या पानांचा कस पावसाच्या पाण्याबरोबर समुद्रात उतरतो. मुळं माती धरून ठेवतात, त्यामुळे पाणी गढूळ होत नाही. वारा अडतो.

मजा म्हणजे सरकारच्याच कायद्यात याची सोय होती. १८९७ च्या जपानी वनकायद्यात राखीव जंगलांचे जे प्रकार ठरवले होते, त्यात एक प्रकार होता मासे धरून ठेवणाऱ्या जंगलाचा. एका हुकुमानं देव काढून घेतला होता. पण दुसऱ्या कायद्याच्या आधारानं झाडं वाचवता येत होती.

गावप्रमुखाला पटलं. गावानं व्यवहार मोडला, तोड थांबली. १९१२ मध्ये काशिमा मासे धरून ठेवणारं राखीव जंगल म्हणून नोंदलं गेलं.

या प्रसंगात कुमागुसूंचं नाव घेतलं जातं आणि ते रास्तच आहे. पण पैसे परत करण्याचा निर्णय गावाचा होता. हातात आलेला पैसा सोडणं कुठल्याही ग्रामपंचायतीला विचारा, किती जड जातं ते.

जे वाचलं नाही

सगळीकडे असं झालं नाही.

नाचीच्या धबधब्याभोवतीचं रान आणि कुमानोच्या यात्रामार्गावरची काही प्रचंड झाडं वाचली. पण यात्रामार्गावरची कितीतरी छोटी देवळं झाडांसकट गेली.

सगळ्यात जिव्हारी लागला तो घरचा पराभव. कुमागुसूंच्या वडिलांचं मूळ गाव इरिनो. तिथलं ओयामा देवस्थान म्हणजे त्यांच्या घराण्याचं कुलदैवतच. ते वाचवण्यासाठी त्यांनी गावातल्या आपल्या भाऊबंदाला वर्षानुवर्षं पत्रं लिहिली, कायदेशीर वाटा सुचवल्या. पण गावातच एकी राहिली नाही. १९१३ मध्ये ओयामा देवस्थान विलीन झालं.

काशिमात गाव सोबत उभं राहिलं म्हणून बेट वाचलं. इरिनोत गावात फूट पडली आणि देऊळ गेलं. माणूस तोच, तळमळ तीच, मुद्दे तेच. फरक होता तो फक्त गावाचा.

संसदेत वाकायामाचे खासदार नाकामुरा केइजिरो यांनी या विषयावर सरकारला प्रश्न विचारले. त्यामागची माहिती कुमागुसूंनी पुरवलेली होती. हळूहळू सरकारचा जोर ओसरला. १९२० मध्ये संसदेच्या वरिष्ठ सभागृहानं हे विलीनीकरण निरुपयोगी असल्याचा ठराव केला. तोवर हुकूम निघून १४ वर्षं झाली होती.

म्हातारपणी होडीतून बेटावर

दरम्यान कुमागुसूंचं संशोधन चालूच होतं. १९१७ मध्ये घराच्या अंगणातल्या पर्सिमनच्या झाडावर त्यांना स्लाईम मोल्ड मिळाला. तो नुसता नव्या जातीचा नव्हता, नव्या प्रजातीगटाचा होता. इंग्लंडच्या गुलिएल्मा लिस्टर यांनी १९२१ मध्ये त्याला ‘मिनाकाटेला’ हे नाव दिलं.

१९२५ मध्ये मुलगा कुमाया याला मानसिक आजार झाला. बाप खचला. मुलगा पुढे बरा झाला नाही. आजारपणाचा खर्च, घरची ओढाताण आणि हे दुःख कुमागुसूंना शेवटपर्यंत पुरलं.

अशा काळात १९२९ चा तो दिवस आला. सम्राट हिरोहितो स्वतः जीवशास्त्राचे अभ्यासक. त्यांना काशिमाचं रान बघायचं होतं आणि कुमागुसूंना भेटायचं होतं. ज्या माणसाला सरकारी हुकुमाविरुद्ध भांडताना कोठडीत टाकलं होतं, त्याला आता सम्राट भेटायला आले.

दुसरा कुणी इथं थांबला असता. यांना मात्र काळजी लागली. सम्राट येऊन गेल्यामुळे बेट प्रसिद्ध झालं. लोक बघायला येणार, वेली ओरबाडणार, बिया नेणार. नुसत्या प्रसिद्धीनं बेट वाचत नाही, उलट कधीकधी तिचाच धोका असतो.

१९३४ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्यांनी स्थानिक लोकांना सोबत घेऊन बेटाची पाहणी केली. कुठं कुठलं झाड उभं आहे, त्याचा नकाशा तयार झाला. त्याच्या आधारावर १९३५ च्या डिसेंबरमध्ये काशिमाला राष्ट्रीय नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला.

म्हणजे पहिल्यांदा तोड थांबवल्यापासून पक्कं संरक्षण मिळेपर्यंत २४ वर्षं गेली. साडेसात एकरांसाठी.

२९ डिसेंबर १९४१ ला कुमागुसू वारले. वय ७४. सांगतात, की शेवटच्या दिवसांत त्यांना छतावर जांभळी फुलं फुललेली दिसत होती. बकाण निंबाची फुलं. डॉक्टरांना बोलवू नका, ते आले की फुलं जातील, असा त्यांचा हट्ट होता.

पुढे काय झालं?

१९६२ मध्ये सम्राट हिरोहितो पुन्हा त्या किनाऱ्यावर आले. पावसात काशिमा दिसलं आणि त्यांनी कुमागुसूंची आठवण काढणारी कविता रचली. सम्राटानं कवितेत एखाद्या सामान्य नागरिकाचं नाव घेणं ही मोठी गोष्ट मानली गेली.

पण त्याहून मोलाची आठवण तानाबेच्या लोकांनी जागवली. १९७४ मध्ये तानाबेजवळच्या तेनजिनझाकी या भूशिरावर बंगले बांधायचा बेत आला. तिथं रान आणि खडकाळ किनारा एकमेकांना लागून आहेत. भरतीच्या पाण्यात जगणारे जीव आणि वरचं जंगल यांचा मिळून एकच संसार. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, देशभरातून पैसे आले आणि लोकांनी ती जमीन तुकड्यातुकड्यानं विकत घेऊन तशीच ठेवली. लोकांनीच जमीन घेऊन निसर्ग राखायच्या जपानमधल्या चळवळीत तेनजिनझाकीचं नाव अग्रभागी आहे.

२००४ मध्ये कुमानोचे यात्रामार्ग जागतिक वारसा यादीत गेले. २०१५ मध्ये कुमागुसूंशी जोडलेल्या रानांना आणि जागांना जपाननं राष्ट्रीय निसर्गस्थळांचा दर्जा दिला. त्यात काशिमाही आहे. आज त्या बेटावर परवानगीशिवाय पाय ठेवता येत नाही.

आपल्याकडे १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या देवराया पालथ्या घातल्या आणि आजूबाजूला नाहीशी झालेली झाडं तिथं कशी टिकून आहेत ते जगापुढे मांडलं. कोकणात आजही अनेक देवराया उभ्या आहेत. कुठं देवळाचा जीर्णोद्धार होतो. जुनं कौलारू देऊळ जातं, सिमेंटचं येतं, सभामंडप वाढतो, गाड्या लावायला जागा लागते. आणि त्यासाठी देवाचीच चार झाडं तोडली जातात. तिथं कुणाचा हुकूम नसतो, गावाचाच ठराव असतो.

अशा बैठकीत कधी तुमच्या गावात कुणी म्हातारा उठून विचारेल, की झाड गेल्यावर विहिरीचं पाणी कुठून येणार. त्याचं म्हणणं जरा ऐकून घ्या. शिनजो गावानं एका तऱ्हेवाईक माणसाचं ऐकलं, पैसे परत केले आणि शंभराहून जास्त वर्षांनंतरही तानाबेच्या आखातात काशिमाचं बेट हिरवंगार उभं आहे.